ट्रान्झिस्टरवाला शॉकली: आठ राजीनामे, एक जुना कायदा आणि सिलिकॉन व्हॅली

तुमचा फोन जरा बऱ्यापैकी असेल, तर त्याच्या मुख्य चिपवर एक हजार कोटींपेक्षा जास्त ट्रान्झिस्टर आहेत. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ समजा. नळाची तोटी थोडी फिरवली की पाण्याची धार सुरू होते किंवा थांबते. तसंच इथे एका टोकाला जराशी वीज दिली की दुसरीकडचा मोठा प्रवाह सुरू होतो किंवा थांबतो. सुरू म्हणजे १, बंद म्हणजे ०. रील बघा, यूपीआयने पैसे पाठवा, मॅपवर रस्ता शोधा, शेवटी सगळी या नळांचीच उघडझाप.

हा नळ पहिल्यांदा बनला १९४७ मध्ये, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सी राज्यात. मग चिप कंपन्यांचं माहेरघर तिथून चार हजार किलोमीटर लांब, पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्नियात कसं झालं? शोध एकीकडे लागला आणि गाव दुसरीकडे वसलं, असं का?

याचं उत्तर मला एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. त्याचं नाव विल्यम शॉकली. नोबेल मिळवलेला शास्त्रज्ञ, भयंकर बॉस आणि म्हातारपणी स्वतःच्या हाताने नाव घालवून बसलेला माणूस. त्याची कंपनी चालली नाही, पण तिच्यामुळे आख्खी सिलिकॉन व्हॅली उभी राहिली. हे कसं घडलं ते बघितलं, की सरकारची धोरणं आणि कंपनीचा पत्ता या दोन गोष्टी टेक्नॉलॉजीचं नशीब कसं ठरवतात ते कळतं. म्हणून हे सगळं जरा सविस्तर सांगतो.

पालो आल्टोचा मुलगा

शॉकलीचा जन्म १३ फेब्रुवारी १९१० चा, लंडनमधला. आईवडील अमेरिकन. वडील खाणींचे इंजिनिअर. आई मे ही स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकलेली, आणि खाणींचं सर्वेक्षण करण्याचं सरकारी काम मिळवणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या काही बायकांपैकी एक. विल्यम तीन वर्षांचा असताना हे कुटुंब कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला आलं. स्टॅनफर्ड विद्यापीठ अगदी शेजारी. आजूबाजूला जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागा. आज जिला सिलिकॉन व्हॅली म्हणतात ते खोरं तेव्हा फळांसाठी ओळखलं जायचं.

आईवडिलांनी आठ वर्षांपर्यंत त्याला घरीच शिकवलं. त्याच काळात स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन हे हुशार मुलं शोधायला बुद्ध्यांकाच्या चाचण्या घेत होते. शॉकलीचीही चाचणी झाली, पण टर्मन यांच्या यादीत बसण्याइतके गुण त्याला पडले नाहीत. पुढे नोबेल मिळवणारा पोरगा त्या चाळणीतून खाली पडला! ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे. टर्मन हे आडनावही लक्षात ठेवा.

शॉकलीने कॅलटेकमधून १९३२ मध्ये पदवी घेतली, एमआयटीमधून १९३६ मध्ये पीएचडी केली आणि त्याच वर्षी तो बेल लॅब्समध्ये रुजू झाला.

बेल लॅब्स: शोध आणि धुसफूस

बेल लॅब्स ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. अमेरिकेतला जवळजवळ सगळा टेलिफोनचा धंदा या एका कंपनीच्या ताब्यात होता. तेव्हा कॉल जोडण्यासाठी आणि आवाज मोठा करण्यासाठी काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब लागायच्या. त्या तापायच्या, फुटायच्या, वीज खायच्या. त्यांच्या जागी काहीतरी टिकाऊ हवं होतं.

दुसऱ्या महायुद्धात शॉकलीने पाणबुड्या कशा शोधून मारायच्या याचं गणित मांडलं. युद्ध संपल्यावर तो सेमीकंडक्टरवर काम करणाऱ्या गटाचा प्रमुख झाला. डिसेंबर १९४७ मध्ये त्याच्याच गटातल्या जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याचे दोन संपर्क टेकवून पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. कंपनीच्या वकिलांनी त्याच्या पेटंटवर या दोघांचीच नावं घातली. शॉकलीचं नाव नव्हतं.

हे त्याला फार लागलं. पण रागाच्या भरात त्याने कामच केलं. पुढच्या काही आठवड्यांत कोणालाही न सांगता एकट्याने डोकं चालवून त्याने जंक्शन ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. बार्डीन-ब्रॅटनच्या नाजूक रचनेपेक्षा ही कारखान्यात बनवायला कितीतरी सोयीची होती आणि पुढचा सगळा धंदा तिच्यावरच उभा राहिला. शोध मोठा, पण गट फुटला. शॉकलीने दोघांना पुढच्या कामातून बाजूला ठेवलं. १९५१ मध्ये बार्डीन बेल सोडून इलिनॉय विद्यापीठात गेला आणि ब्रॅटनने दुसरा गट मागून घेतला. तिघांना मिळून १९५६ चं नोबेल मिळालं, तोवर तिघांच्या वाटा वेगळ्या झालेल्या होत्या.

सरकारने कुलूप काढलं

आता धोरणाचा पहिला धडा. एवढा मोठा शोध एका मक्तेदार कंपनीच्या हातात होता. तिने तो दाबून ठेवला असता तर?

तसं झालं नाही, याचं मोठं कारण सरकारचा धाक. १९४९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने एटी अँड टीवर मक्तेदारीचा खटला भरला होता. डोक्यावर ही तलवार असताना कंपनीने ट्रान्झिस्टर लपवण्याऐवजी वाटायला सुरुवात केली. १९५२ मध्ये तिने २५,००० डॉलर भरणाऱ्या कंपन्यांना बोलावून ट्रान्झिस्टर कसा बनवायचा ते समजावून सांगितलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने लायसन्स घेतलं. थोड्याच काळात जपानमधल्या एका छोट्या कंपनीनेही घेतलं. ती कंपनी म्हणजे आजची सोनी.

खटला २४ जानेवारी १९५६ ला तडजोडीने मिटला. एटी अँड टी फुटली नाही, पण दोन अटी मान्य कराव्या लागल्या. टेलिफोन सोडून दुसऱ्या धंद्यात शिरायचं नाही, आणि तोवर घेतलेली ७,८२० पेटंटं बहुतेक अमेरिकन कंपन्यांना रॉयल्टी न घेता वापरू द्यायची. म्हणजे ट्रान्झिस्टर शोधणारी कंपनीच चिपच्या बाजारातून जवळजवळ बाहेर राहिली आणि मैदान नव्या पोरांना मोकळं झालं. सरकारने कोणाला पैसे वाटले नाहीत, फक्त एक कुलूप काढलं. माझ्या मते सिलिकॉन व्हॅलीची पहिली वीट हीच.

आईचं गाव आणि टर्मन यांचं विद्यापीठ

बेलमध्ये आपल्याला वर चढू देत नाहीत, असं शॉकलीच्या मनाने घेतलं होतं. त्याला पैसाही हवा होता. १९५५ मध्ये त्याची गाठ पडली अर्नोल्ड बेकमनशी. बेकमन रसायनशास्त्रज्ञ, वैज्ञानिक उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचा मालक. त्याने पैसे द्यायचं कबूल केलं. ट्रान्झिस्टर जर्मेनियमऐवजी सिलिकॉनचे बनवायचे असं ठरलं, कारण जर्मेनियम तापला की बिघडतो, सिलिकॉन उष्णता जास्त सोसतो.

कंपनी काढायची कुठे? बेकमनचा कारभार दक्षिण कॅलिफोर्नियात होता, आपल्या डोळ्यांसमोर असावी अशी त्याची इच्छा. शॉकलीला मात्र पालो आल्टोच हवं होतं. म्हातारी आई तिथे राहत होती, हे एक कारण. दुसरं कारण फ्रेडरिक टर्मन. लहानपणी चाचणी घेणाऱ्या लुईस टर्मन यांचे हे चिरंजीव, आता स्टॅनफर्डमधले मोठे अधिकारी.

फ्रेडरिक टर्मन यांचं दुखणं असं की स्टॅनफर्डची हुशार पोरं शिकून पूर्वेला नोकरीला जायची. आपल्याकडे गावातली पोरं पुण्या-मुंबईला जातात, तसंच. म्हणून त्यांनी इथेच कंपन्या उभ्या करायचं मनावर घेतलं. ह्युलेट आणि पॅकार्ड या आपल्या दोन विद्यार्थ्यांना त्यांनी कंपनी काढायला लावली, ती १९३९ मध्ये पालो आल्टोच्या एका गॅरेजमध्ये सुरू झाली. तीच एचपी. स्टॅनफर्डकडे जमीन भरपूर, पण संस्थापकांच्या अटीमुळे ती विकता यायची नाही. मग १९५१ पासून ती टेक कंपन्यांना लांब मुदतीच्या भाड्याने द्यायला सुरुवात झाली. १९५४ मध्ये या कंपन्यांच्या इंजिनिअरना नोकरी सांभाळून स्टॅनफर्डमध्ये एमएस करायची सोय झाली. म्हणजे विद्यापीठ आणि कारखाना यांच्यातलं कुंपणच निघालं.

टर्मन यांनी शॉकलीला इकडे ओढलं. फेब्रुवारी १९५६ मध्ये त्याच्या कंपनीची घोषणा झाली, पेटंटांची कुलपं निघाल्यावर जेमतेम महिन्याभरात. पत्ता: ३९१, सॅन अँटोनिओ रोड, माउंटन व्ह्यू. इमारत म्हणजे एक साधी शेड.

३९१, सॅन अँटोनिओ रोड

शॉकलीने आधी बेलमधल्या जुन्या सहकाऱ्यांना बोलावलं. कोणीच फळबागांच्या मुलखात यायला तयार होईना. त्याचा स्वभाव त्यांना चांगला माहीत होता, हेही असेलच. मग त्याने देशभरातून तरुण पोरं शोधली. माणसं पारखण्याची त्याची नजर मात्र जबरदस्त. रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, जाँ होर्नी, जे लास्ट, युजीन क्लायनर, शेल्डन रॉबर्ट्स, ज्युलियस ब्लँक, व्हिक्टर ग्रिनिच. होर्नी स्वित्झर्लंडहून आलेला, क्लायनर व्हिएन्नातून नाझींमुळे निघालेल्या ज्यू कुटुंबातला. एकेक जण असा की दुसऱ्या कुठल्याही कंपनीत तो एकटा पुरला असता.

१९५६ च्या नोव्हेंबरमध्ये नोबेलची बातमी आली. सगळ्यांनी पालो आल्टोतल्या एका रेस्टॉरंटमध्ये ग्लास उंचावले. त्याचा फोटो आजही बघायला मिळतो, सगळे खूश दिसतात. वर्षही पुरं व्हायचं होतं, तोवर सगळं बिनसलं.

शॉकली लोकांचे पगार भिंतीवर लावायचा. कोणी नवा निष्कर्ष आणला की त्याच्यासमोरच बेल लॅब्समध्ये फोन करून तो खरा का, हे विचारायचा. एकदा ऑफिसमधल्या एका बाईच्या बोटाला काहीतरी टोचलं, तर हा घातपात आहे असं ठरवून तो कर्मचाऱ्यांची लाय डिटेक्टर चाचणी घ्यायला निघाला. टोचली होती ती तुटलेली टाचणी. त्याहून वाईट म्हणजे, ज्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरसाठी ही पोरं आली होती, ते सोडून तो स्वतःच्या लाडक्या चार थरांच्या डायोडच्या मागे लागला. ती वस्तू बनवायला अवघड, आणि तिला गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः टेलिफोन कंपनी.

१९५७ मध्ये पोरं थेट बेकमनकडे गेली. शॉकलीला सल्लागार करा आणि कंपनी चालवायला दुसरा माणूस आणा, अशी मागणी केली. बेकमन आधी तयार झाला, मग त्याने माघार घेतली. नोबेलवाल्याला बाजूला सारायला तो धजला नाही.

आठ राजीनामे

या पोरांना एकत्रच राहायचं होतं. क्लायनरने वडिलांच्या ओळखीच्या न्यूयॉर्कमधल्या गुंतवणूक कंपनीला पत्र लिहिलं की, या सगळ्यांना एकगठ्ठा नोकरी देणारं कोणी आहे का? ते पत्र पोहोचलं आर्थर रॉक नावाच्या तरुणाकडे. त्याने उलटा सल्ला दिला, नोकरी कशाला शोधता, स्वतःची कंपनी काढा. मग ३० हून अधिक कंपन्यांचे दरवाजे ठोठावले. सगळीकडे नकार. शेवटी कॅमेरे आणि विमानांची उपकरणं बनवणाऱ्या शर्मन फेअरचाइल्डने सुमारे १३.८ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. कागद तयार नव्हते म्हणून सगळ्यांनी डॉलरच्या नोटांवर सह्या केल्या, असा हा करार.

१८ सप्टेंबर १९५७ ला आठही जणांनी राजीनामे दिले. पुढे ते आठ गद्दार म्हणूनच प्रसिद्ध झाले. त्यांची नवी कंपनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू झाली पालो आल्टोत, शॉकलीच्या शेडपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. घर बदललं नाही, मुलांची शाळा बदलली नाही, फक्त सकाळी गाडी वेगळ्या गेटमधून आत जायला लागली.

आता जरा थांबून विचार करा. आठ इंजिनिअर एका दिवशी नोकरी सोडतात, शेजारीच त्याच धंद्याची कंपनी काढतात, तरी त्यांना घरी बसवता येत नाही. का?

१८७२ चा कायदा

धोरणाचा दुसरा धडा इथे आहे, आणि मला सगळ्यात भारी वाटतो तो हाच.

नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही किंवा तोच धंदा करायचा नाही, अशी अट म्हणजे नॉन-कॉम्पिट. अमेरिकेतली बरीच राज्यं ही अट मानायची. बोस्टन शहर असलेलं मॅसॅच्युसेट्स त्यातलंच. कॅलिफोर्नियात मात्र १८७२ पासून ही अट कायद्याने जवळजवळ रद्दबातल आहे. तुम्ही सही केली असली तरी कोर्ट ती मानत नाही. कंपनीची गुपितं चोरली तर खटला होतो, पण डोक्यातली कला घेऊन शेजारी जाण्यावर बंदी नाही.

गंमत अशी की हा कायदा टेक कंपन्यांसाठी केलेलाच नव्हता. कॅलिफोर्निया तेव्हा शेतीचं आणि खाणींचं राज्य. डेव्हिड डडली फील्ड नावाच्या न्यूयॉर्कच्या वकिलाने तयार केलेला कायद्याचा मसुदा त्या राज्याने जवळपास जसाच्या तसा उचलला, त्यात हे कलम होतं. ज्या न्यूयॉर्कसाठी तो लिहिला, तिथे तो कधी मंजूरच झाला नाही!

पुढे संशोधकांनी यावर बरंच काम केलं. १९७० च्या सुमाराला बोस्टनजवळच्या रूट १२८ या पट्ट्यात एमआयटी होतं, सैन्याचा पैसा होता, मोठ्या कंपन्या होत्या. तरी पुढची बाजी कॅलिफोर्नियाने मारली. अ‍ॅनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ च्या पुस्तकात याचं श्रेय तिथल्या मोकळ्या, कंपन्या बदलण्याच्या संस्कृतीला दिलं. रोनाल्ड गिल्सन या कायद्याच्या प्राध्यापकाने १९९९ मध्ये म्हटलं की त्या संस्कृतीच्या मुळाशी हे जुनं कलम आहे. मिशिगन राज्यात तर १९८५ मध्ये उलटा प्रयोग आपोआप झाला. एक जुना कायदा रद्द करताना नॉन-कॉम्पिटवरची बंदीही उठली, आणि तिथल्या संशोधकांचं नोकरी बदलण्याचं प्रमाण घटलं, असं अभ्यासात दिसलं.

मालकाच्या बाजूने बघितलं तर ही अट अगदीच बिनकामाची नाही, हेही मान्य करायला हवं. लाखो रुपये खर्चून माणूस तयार करायचा आणि त्याने शेजारी जायचं, हे कोणाला आवडेल? शॉकलीचं नुकसान खरंच झालं. पण एका कंपनीचं नुकसान आणि आख्ख्या भागाचा फायदा, असा हा हिशेब आहे. शॉकलीच्या शेडमध्ये ते आठ अडकून पडले असते, तर ते चार थरांचे डायोडच घासत बसले असते.

पहिलं गिऱ्हाईक सरकार

धोरणाचा तिसरा धडा. नवी वस्तू आधी महागच असते. मग ती पहिल्यांदा विकत कोण घेतं?

फेअरचाइल्डची पहिली ऑर्डर आयबीएमकडून आली: १०० ट्रान्झिस्टर, एकाची किंमत १५० डॉलर. ते जाणार होते बी-७० या बॉम्बर विमानाच्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे शेवटचा खरेदीदार अमेरिकेचं हवाई दल. मग मिनटमॅन क्षेपणास्त्राचं काम आलं. तिथे एक अडचण समोर आली. ट्रान्झिस्टरच्या डबीत धातूचा बारीकसा कण सुटा राहिला तरी शॉर्टसर्किट व्हायचं. टीव्हीत हे चाललं असतं, क्षेपणास्त्रात कसं चालेल? होर्नीने १९५९ मध्ये यावर तोडगा काढला. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा संरक्षक थर तसाच ठेवायचा. ही प्लॅनर पद्धत. त्याच सपाट पृष्ठभागावर अनेक ट्रान्झिस्टर बनवून धातूच्या रेषांनी जोडता येतील, हे नॉइसच्या त्याच वर्षी लक्षात आलं. झाली इंटिग्रेटेड सर्किट तयार, म्हणजे चिप. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बीने आदल्या वर्षी वेगळ्या पद्धतीने चिप दाखवली होती, पण कारखान्यात लाखोंनी बनवता येईल अशी वाट नॉइस-होर्नीची ठरली. तुमच्या फोनची चिप त्याच वाटेने आलेली आहे.

सुरुवातीच्या वर्षांत या चिपा जवळपास सगळ्या सैन्य आणि नासानेच घेतल्या. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या कॉम्प्युटरमध्ये फेअरचाइल्डच्या चिपा होत्या. सरकारने आधी महाग घेतल्या, म्हणून कारखाने मोठे झाले, म्हणून किंमत पडली, म्हणून मग त्या कॅल्क्युलेटरमध्ये आणि घराघरांत आल्या. एक बारकावा बघा: नॉइस संशोधनासाठी सरकारी अनुदान घ्यायला फारसा तयार नसायचा. त्याला सरकार गिऱ्हाईक म्हणून हवं होतं, मालक म्हणून नको होतं.

फेअरचाइल्डचं मुख्यालय पूर्वेकडे होतं आणि नफा तिकडे जायचा. मग इथली माणसं पुन्हा निघाली. होर्नी, लास्ट, रॉबर्ट्स आणि क्लायनर १९६१ मध्येच बाहेर पडले. नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. फेअरचाइल्डच्याच जेरी सँडर्सने पुढच्या वर्षी एएमडी काढली. क्लायनरने १९७२ मध्ये स्टार्टअपना पैसे पुरवणारी कंपनी काढली, तिनेच १९९९ मध्ये गूगलमध्ये पैसे घातले. १९७१ मध्ये एका पत्रकाराने या खोऱ्याला छापील सिलिकॉन व्हॅली म्हटलं आणि नाव चिकटलं. जर्दाळूच्या बागा गेल्या. काही जुन्या कारखान्यांखालचं भूजल चिप धुण्याच्या रसायनांनी नासलं, त्याची सफाई अजून चालू आहे. ही किंमतही हिशेबात धरायला हवी.

शॉकलीचं पुढे काय झालं

आठ जण गेल्यावर शॉकलीची कंपनी सावरलीच नाही. बेकमनने १९६० मध्ये ती विकली, पुढे ती पुन्हा विकली गेली आणि दशक संपता संपता बंद पडली. तिने कधी नफा कमावला नाही. शॉकली १९६३ मध्ये स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाला.

त्यानंतरची त्याची कहाणी वाचवत नाही. काळे लोक जन्मतःच कमी बुद्धीचे असतात, असं तो जाहीरपणे सांगत सुटला. कमी बुद्ध्यांक असणाऱ्यांनी नसबंदी करून घेतली तर त्यांना पैसे द्यावेत, अशी योजनाही त्याने मांडली. आनुवंशिकी हा त्याचा विषय नव्हता आणि त्या विषयातल्या लोकांनी त्याचं म्हणणं फेटाळलं. १९८२ मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी उभा राहिला, सपशेल पडला. नाझींशी तुलना केली म्हणून एका वृत्तपत्रावर त्याने बदनामीचा खटला भरला, तो जिंकला, आणि १९८४ मध्ये भरपाई मिळाली एक डॉलर. १२ ऑगस्ट १९८९ ला स्टॅनफर्डला तो गेला. मुलांना ही बातमी पेपरातून कळली.

लहानपणी बुद्ध्यांकाच्या चाळणीत न बसलेला हा माणूस आयुष्यभर माणसांना त्याच चाळणीतून गाळत राहिला. कंपनीत त्याने तेच केलं आणि म्हातारपणी आख्ख्या समाजाला तेच लावायला निघाला. त्याच्यापासून सुटून जायची मुभा किती मोलाची होती, ते इथे पुन्हा कळतं.

आपल्याकडे काय?

आता एक गोष्ट सांगतो, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. फील्डच्या त्या मसुद्यातलं कलम कॅलिफोर्नियासारखंच भारतातही आलं, आणि तेही त्याच वर्षी. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७. कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल ठरतो. म्हणून हिंजवडी किंवा ऐरोलीतल्या कंपनीने ऑफर लेटरमध्ये नोकरी सोडल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जायचं नाही असं लिहिलं असेल, तर आपली कोर्टं ती अट साधारणपणे मानत नाहीत. नोकरीत असताना दुसरीकडे काम न करण्याची अट, गुपितं न फोडण्याची अट आणि ट्रेनिंगच्या खर्चाचा बाँड या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या लागू होऊ शकतात. तेव्हा सही करण्याआधी वाचा, आणि अडचण आली तर वकिलाला दाखवा.

मग कायदा तोच असून आपल्याकडे सिलिकॉन व्हॅली का नाही? कारण एकट्या कलमाने भागत नाही. कॅलिफोर्नियात खुली पेटंटं होती, दार उघडं ठेवणारं विद्यापीठ होतं, महाग वस्तू विकत घेणारं सरकार होतं आणि आठ पोरांवर पैसे लावणारा कोणीतरी होता. हे सगळं एकाच खोऱ्यात, एकाच दशकात जमलं.

२०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावला येणार की गुजरातला, यावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? प्रकल्प गुजरातला जाणार असं जाहीर झालं, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंगच काढून घेतलं. शेवटी तो कुठेच उभा राहिला नाही. जमीन आणि सवलत कोण जास्त देतं, एवढ्यावरच आपण भांडत होतो. शॉकलीची गोष्ट बघितली की मला प्रश्न वेगळे पडतात. त्या कारखान्यातला इंजिनिअर संध्याकाळी शेजारच्या कॉलेजात शिकू शकेल का? बॉसशी पटलं नाही तर तो गाव न सोडता, चार मित्रांना घेऊन समोरच्या गाळ्यात स्वतःचं काही सुरू करू शकेल का? आणि केलं, तर त्याचे पहिले शंभर नग कोण विकत घेईल?

पुढच्या वेळी आपल्या भागात मोठी टेक कंपनी येणार अशी बातमी तुमच्या फोनवर आली, तर किती हजार कोटींची आहे हे बघाच. पण हे तीन प्रश्नही विचारा. शॉकलीच्या शेडच्या जागी आज नवी ऑफिसं आहेत आणि फुटपाथवर ट्रान्झिस्टर-डायोडची मोठाली शिल्पं उभी केली आहेत. त्या पत्त्यावर एक कंपनी बुडाली, पण तिथून निघालेल्या आठ जणांना कोणी अडवलं नाही, म्हणून आज आपल्या खिशात फोन आहे.